माळकऱ्याचा केसपेपर

औषध घ्यावं, पण औषधासाठी कुणाशी भांडू नये, असं आमच्या आबांचं मत होतं. आणि हे मत त्यांनी उभा जन्म डिलाईल रोडवर काढून बाळगलं, जिथे पाण्याच्या नळापासून बोनसपर्यंत न भांडता कुणाला काही मिळाल्याचं मी ऐकलेलं नाही. गळ्यात तुळशीची माळ, कपाळावर बुक्का, खिशात गिरणीचा पास. पाटण तालुक्यातल्या डोंगरातून मिसरूड फुटायच्या आत ते मुंबईला आले, गावकीच्या खोलीत पथारी टाकली आणि ओळखीच्या जॉबरच्या शब्दावर एका गिरणीत ब्लोरूमला लागले. ब्लोरूममध्ये कापसाच्या गाठी फुटतात, कापूस झाडला-पिंजला जातो आणि त्यातला बारीक कचरा हवेत तरंगत राहतो. पाळी सुटून तिथला माणूस दारात आला की भुवया, मिशा, कानांवरचे केस, सगळं पांढरंफेक. आज्जी म्हणायची, पहिल्यांदा मुंबईला आले तेव्हा वाटलं, बापानं मला म्हाताऱ्याला दिली.

या रस्त्यावरच्या माणसाला दवाखाना लांब आहे ही सबब सांगायची सोय नव्हती. सात रस्त्याच्या बाजूला आर्थर रोडचं साथीच्या रोगांचं हॉस्पिटल, ज्याला आता कस्तुरबा म्हणतात. करी रोडचा पूल ओलांडून परळच्या अंगाला गेलं की केईएम, वाडिया, टाटा, कामगार विम्याचं गांधी हॉस्पिटल, आणि जुन्या गव्हर्नमेंट हाउसात हाफकिनची लसीची प्रयोगशाळा. एका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या माणसांची वस्ती जिथे, तिथे साथ येणार; साथ आली की सरकार येणार; आणि सरकार आलं की लोक काठ्या घेऊन बाहेर पडणार. या भागाचा सव्वाशे वर्षांचा इतिहास मला कधीकधी एवढाच वाटतो. आबा त्या इतिहासात कुठे बसतात हे मात्र मला बरीच वर्षं नीट लावता आलेलं नाही. संपवाल्यांना ते आपले वाटले नाहीत, मालकांना तर नाहीच. देवळातल्या लोकांनाही ते जरा तिरकेच वाटत.

आधी बाटलीबद्दल सांगतो. कामगार विम्याचा डॉक्टर, ज्याला सगळे पॅनल डॉक्टर म्हणत, चाळीपासून चार पावलांवर होता. घरून बाटली धुऊन न्यायची. कंपाउंडर तिच्यात लालसर मिक्श्चर भरायचा, मग वहीच्या कागदाची पट्टी कातरीने दातेरी कापून, डिंकाने बाटलीला उभी चिकटवायचा. एक दाता म्हणजे एक डोस. चाळीतल्या बाकीच्यांचं म्हणणं असं की पॅनलच्या मिक्श्चरमध्ये पाणीच जास्त, खरं औषध रोख पैसेवाल्यांच्या बाटलीत. आबा त्या बोलण्यात पडत नसत. बाटली घरी आली की ती विठ्ठलाच्या तसबिरीपुढे ठेवायची, हात जोडायचे, मग दात्यापर्यंतचं मोजून घ्यायचं. "सरकारचं फुकटचं औषध पिता आणि सरकारविरुद्ध बोलत न्हाई म्हणून मिरवता," असं शेजारचा लाल बावट्याचा गडी एकदा चिडवायला म्हणाला. आबा शांतपणे म्हणाले, "सरकारचं कुटलं? माझ्या पगारातनं कापल्यालं हाय. माझंच मी पितो."

हे त्यांना कुणी शिकवलं होतं कोण जाणे, पण कामगार विम्याच्या योजनेचं इतकं नेमकं वर्णन मी नंतर कुठल्या अहवालातही वाचलं नाही. प्राध्यापक अडारकरांनी १९४४ मध्ये कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा दिला, १९४८ मध्ये कायदा झाला, राज्यघटना यायच्याही आधी. १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली आणि १९५४ मध्ये मुंबईत आली. थोडं कामगाराचं, जास्त मालकाचं, अशी वर्गणी. उपकार कुणाचाच नाही. आबांना उपकाराचं वावडं होतं आणि ते वावडं पक्कं धार्मिक होतं: घ्यायचं ते देवाकडून, नाहीतर कष्टाचं. मधला दाता त्यांना नको होता. त्यामुळे विम्याची बाटली त्यांच्या धर्मात बसली आणि निवडणुकीच्या तोंडावर चाळीत भरणारं फुकट तपासणीचं शिबिर बसलं नाही. त्या दिवशी ते मुद्दाम दुपारभर बावला मशिदीच्या बाजूला पाय मोकळे करायला जात.

गंमत अशी की ज्या रस्त्यावर ते राहत त्याला पुढे ज्यांचं नाव दिलं गेलं ते ना. म. जोशी कामगारांच्या हक्कांसाठी भांडणाऱ्यांतलेच. १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढणारे, १९२० मध्ये आयटक या कामगार संघटनेच्या स्थापनेत असणारे. गिरणीतल्या बाईला बाळंतपणाची रजा आणि भत्ता मिळावा म्हणून त्यांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक आणलं आणि ते फेटाळलं गेलं. मुंबई प्रांतात तसा कायदा १९२९ मध्ये झाला. त्याच्या चर्चेत डॉ. आंबेडकर ठामपणे बाजूने बोलले होते, बाळंतिणीला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे आणि त्याचा भार सरकारनेही उचलायला हवा, असं सांगून. म्हणजे आबा जी बाटली 'माझीच' म्हणत होते, ती त्यांच्या हातात येईपर्यंत चाळीसेक वर्षं इतर लोक भांडले होते. हे त्यांना सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, "मग त्यांचं भलं हो." आणि पुढचा दाता मोजला असता.

मोर्च्यांबद्दलचं त्यांचं म्हणणं मात्र ऐकण्यासारखं होतं. दर आषाढीला लोणंदला जाऊन ते माउलींच्या पालखीत मिसळत आणि पंढरपूरपर्यंत चालत. युनियनमधली पोरं त्यांना खूश करायला म्हणत, आबा, तुमची वारी म्हणजे केवढा मोठा मोर्चा! हे वाक्य आजकाल व्यासपीठावरूनही ऐकू येतं आणि ऐकणारे माना डोलावतात. आबा भडकायचे. "मोर्चा मागाया जातो. वारीत मागायचं नसतंया. मागितलं की ती वारी न्हाई, नवस झाला." मला हे उत्तर अजूनही अडवतं. त्यात चूक काढता येत नाही आणि ते पटवूनही घेता येत नाही. न मागता चालणारी माणसं लाखांनी असतात म्हणूनच तर त्यांच्याकडून घेणाऱ्यांचं फावतं, असं मी कॉलेजात असताना त्यांना ऐकवलं होतं. त्यावर त्यांनी मला चहा प्यायला सांगितला.

आता दम्याचं. आबांना दम लागायचा आणि तो सोमवारी जास्त लागायचा. रविवारची सुट्टी खाऊन माणूस ताजातवाना कामावर जावा, तर सोमवारी दुपारपर्यंत छाती आवळून यायची. बुधवार-गुरुवारपर्यंत सैल पडायची. वैद्यकाच्या पुस्तकात याला बिसिनोसिस म्हणतात. कापसाच्या धुळीने होणारा रोग, आणि सोमवारची कळ ही त्याची ओळखीची खूण. एक दिवस धूळ थांबते, शरीर जरा विसावतं, आणि पुन्हा धूळ आत गेली की जोरात उसळतं. पुढे पुढे मग वारांचा फरकही राहत नाही. कायद्याच्या यादीत हा व्यवसायामुळे होणारा रोग म्हणून नोंदलेला आहे, भरपाईची तरतूद आहे. पण एक्स-रेवर तो खास असा काही दिसत नाही, त्यामुळे कधी दमा, कधी जुनाट खोकला, कधी टीबी असं नाव घेऊन तो केसपेपरवर येतो.

आबांनी त्याचं कारण स्वतःच शोधून काढलं होतं. रविवारी रात्री चाळीत भजन असे. पखवाज, टाळ, पहाटेपर्यंत चढा सूर. तेव्हा सोमवारी छाती दुखणारच! त्यांनी मंडळींना विनवून भजन शनिवारी घ्यायला लावलं. काही सोमवार वाट पाहिली. दम होता तिथेच होता. तेव्हा त्यांनी ठरवलं की हे प्रारब्ध आहे, आणि भजन पुन्हा रविवारवर आलं. एवढा पद्धतशीर प्रयोग मी शाळेच्या प्रयोगशाळेतही केला नाही. एक कारण वगळून पाहिलं, फरक पडला नाही, म्हणून ते कारण रद्द. फक्त पुढच्या कारणाला हात घालायची वेळ आली तेव्हा त्यांनी गिरणीचं दार ओलांडून थेट पूर्वजन्म गाठला. मधली ब्लोरूम तशीच राहिली. तिथे धूळ ओढून घेणारे पंखे बसवता येतात, तोंडावर फडकं बांधता येतं, माणसाला दुसऱ्या खात्यात हलवता येतं. पण त्यासाठी कुणीतरी मागावं लागतं.

धार्मिक माणूस डॉक्टरला घाबरतो, सुधारणेला विरोध करतो, असं सरसकट लिहिणाऱ्यांना मी आर्थर रोडची १८९६ ची हकिगत वाचायला सांगतो. सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी प्लेग ओळखला. पालिकेने सक्तीने रोगी उचलायला सुरुवात केली. ऑक्टोबरात गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या हॉस्पिटलवर चालून गेला. वावडी अशी होती की राणीच्या पुतळ्याला डांबर फासलं म्हणून ती आता रोग्यांची काळजं मागतेय. (पुतळ्याला ते डांबर आपणच फासलं, असं दामोदर चापेकरांनी पुढे सांगितलं.) वावडी हास्यास्पद होती. पण त्या हॉस्पिटलात नेलेला माणूस बहुधा परत येत नाही, त्याला शेवटचं पाणी कुणी पाजलं हे कळत नाही, मढं घरच्यांच्या खांद्यावरून जात नाही, हे डोळ्यांसमोर घडत होतं. १८९७ च्या सुरुवातीपर्यंत निम्म्याच्या आसपास मुंबई गाव सोडून पळाली.

मग ४ फेब्रुवारी १८९७ चा साथरोग कायदा, पुण्यात प्लेगचा अधिकारी रँड, घराघरांत शिरणारे गोरे सोजीर. टिळकांनी त्या दिवसांत काय केलं हे पाहण्यासारखं आहे. ते पुण्यातच थांबले. हॉस्पिटल नको असं म्हणाले नाहीत; हिंदूंसाठी वेगळं प्लेग हॉस्पिटल उभं करण्यात पुढाकार घेतला. रोग्याला वेगळं ठेवावं हेही त्यांना मान्य होतं. त्यांचा संताप होता तो देवघरापर्यंत येणाऱ्या बुटांवर. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकरांनी रँडवर गोळी झाडली, आणि 'केसरी'तल्या लिखाणावरून टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली. पुढे १९०८ मध्ये त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा इथल्या गिरण्या सहा दिवस बंद राहिल्या, वर्षाला एक दिवस असा हिशेब करून. आबांच्या खोलीत टिळकांचा फोटो होता. संपाला नाकं मुरडणारा माणूस त्या सहा दिवसांच्या संपाची गोष्ट मात्र रंगवून सांगायचा. मी तोंडावर विसंगती दाखवली तर म्हणायचे, "त्यो पगारासाठी न्हवता."

पण याच टिळकांनी प्लेगच्या सहाच वर्षं आधी, १८९१ मध्ये, संमतिवयाच्या कायद्याला कडवा विरोध केला होता. मुलीच्या संमतीचं वय दहावरून बारा करणारा तो कायदा. सुधारणा आपली आपण करू, परक्या सरकारने आमच्या घरात शिरू नये, हा युक्तिवाद. ओळखीचा वाटतो ना? १८९७ मध्येही तोच होता: आमच्या घरात शिरू नका. एकदा तो युक्तिवाद रोग्याच्या बाजूने लढला आणि एकदा दहा-अकरा वर्षांच्या पोरीच्या विरुद्ध. त्याच्याही आधी गिरगावातल्या रखमाबाईंनी लहानपणी लागलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदायला नकार दिला, कोर्टाने १८८७ मध्ये नांदा नाहीतर तुरुंगात जा म्हटलं, तर त्या तुरुंगाला तयार झाल्या. टिळकांची लेखणी तेव्हाही त्यांच्या विरोधात होती. रखमाबाई नंतर लंडनला शिकून डॉक्टर झाल्या आणि सुरतेत त्यांनी बायकांचं हॉस्पिटल वर्षानुवर्षं चालवलं. आणि ज्या मार्च महिन्यात पुण्यात झडत्या सुरू झाल्या त्याच महिन्याच्या १० तारखेला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्याची सेवा करता करता स्वतः प्लेगने गेल्या. त्यांनी आणि मुलाने, डॉ. यशवंतांनी, हडपसरला दवाखाना उघडला होता. सरकारच्या बुटांवर चिडणं आणि रोग्याला पाठीवर घेऊन चालणं, ही दोन्ही कामं एका शहरात एकाच वेळी चालली होती, वेगवेगळ्या माणसांकडून. आपल्याकडे पहिल्याचा इतिहास जास्त लिहिला गेला, असं मला वाटतं.

देह आपला नाही, पांडुरंगाचा आहे, हे आबांचं मूळ सूत्र. याच सूत्राने ते एकदा सरकारसमोर उभे राहिले. आणीबाणीतला १९७६ चा पावसाळा. थोरले काका एका सरकारी कचेरीत चिकटले होते, तीन मुली होत्या. साहेबाने सांगितलं, नसबंदीचा दाखला आणा, नाहीतर पगारवाढ विसरा. महाराष्ट्र विधिमंडळाने त्या वर्षी सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूरसुद्धा केलं होतं, देशात पहिल्यांदा. राष्ट्रपतींची संमती आली नाही म्हणून ते कायदा होता होता राहिलं. काका घाबरून तयार झाले होते. आबा गिरणीतून खाडा करून त्या कचेरीत गेले. तिथे ते ओरडले नाहीत. साहेबाला नमस्कार करून म्हणाले, "हा देह मालकाचा न्हाई, तुमचा न्हाई, आणि खरं बोलायचं तर ह्याचा सुदीक न्हाई. ज्याचा हाय त्याला इचारून सांगतो." साहेब हसला की चिडला हे काकांनी कधी नीट सांगितलं नाही. पगारवाढ अडली एवढं खरं. पुढच्या वर्षी मार्चमध्ये लोकसभेच्या मुंबईतल्या सहाही जागा काँग्रेसने गमावल्या आणि मतदानाच्या सकाळी आबा आंघोळ करून, बुक्का लावून, रांगेत पहिले होते. कुणाला मत दिलं ते देवालाच ठाऊक. मला दाट संशय आहे की त्या एका वेळी माळकऱ्याने देव न मानणाऱ्यांच्या बाजूला शिक्का मारला असावा.

हेच सूत्र त्यांच्या औषधाच्या आड यायचं. छातीला टीबीची शंका धरून औषधं सुरू झाली तेव्हा त्यांत एक तांबूस कॅप्सूल होती. भजनी मंडळातल्या कुणीतरी सांगितलं, त्याचं कवच जिलेटिनचं असतं, म्हणजे जनावराच्या हाडा-कातड्याचं. आबांनी पॅनल डॉक्टरला सरळ विचारलं. डॉक्टर प्रामाणिक होता, हो म्हणाला. मग रोज सकाळी आमच्या खोलीत एक सोहळा. आबा खिडकीच्या उजेडात बसत, चष्मा लावत, कॅप्सूलचे दोन्ही तुकडे नखाने हलके फिरवून सोडवत, आतली विटकरी पूड चमच्यात झटकत. थोडी बोटांना लागायची आणि बोटं दिवसभर केशरी राहायची. पूड मधात कालवून घशाखाली, तोंड कडूजहर, चेहऱ्यावर काही नाही. रिकामी कवचं कागदात गुंडाळून वेगळी ठेवायची. कचऱ्यात टाकली तर कुणाच्या पायाखाली यायची. हे औषध असं उघडून घेऊ नये, वाया जातं, असं डॉक्टर परोपरीने सांगायचा. आबांचं म्हणणं, पूड डॉक्टरची, ती घेतो. कवच कंपनीचं, ते परत. हा त्यांचा आरोग्यसेवेतला सुधारणावाद! मला तेव्हा हसू यायचं. पुढे परळच्या एका औषधाच्या दुकानात वनस्पतिजन्य कवचाच्या कॅप्सूलची डबी पाहिली, हिरव्या ठिपक्यासकट, आणि आठवलं की हीच मागणी एका म्हाताऱ्याने केली असती तर त्याला मागणी म्हणायलाही कुणी तयार झालं नसतं.

१८ जानेवारी १९८२. साठेक गिरण्या, अडीच लाख माणसं संपावर. नेते डॉ. दत्ता सामंत, केईएमच्याच जी. एस. मेडिकल कॉलेजातून शिकलेले, घाटकोपरला खाणकामगारांवर उपचार करता करता युनियनमध्ये ओढले गेलेले. पोरं त्यांना नुसतं 'डॉक्टर' म्हणायची आणि त्यात दोन्ही अर्थ असायचे. आबांना संप मान्य नव्हता, पण संप फोडणं त्याहून अमान्य होतं. गेटवर गेले नाहीत, घोषणा दिल्या नाहीत, गावी जाऊन भातखाचरात उतरले. महिने उलटले. "डॉक्टर चांगला हाय," ते म्हणाले, "पर मात्रा जास्ती झाली." यापलीकडे त्यांनी सामंतांवर टीका केलेली मी ऐकली नाही. संप कुणी मागे घेतलाच नाही, तो नुसता विरत गेला. गिरणीने पुन्हा घेतलेल्यांच्या यादीत आबांचं नाव नव्हतं.

या सगळ्यात एक गोष्ट कुठल्याच भाषणात आली नाही. पगार नाही म्हणजे वर्गणी नाही, वर्गणी नाही म्हणजे विमा नाही. ठरावीक मुदतीनंतर ती दातेरी पट्टीची बाटली बंद झाली. 'माझंच मी पितो' म्हणणाऱ्या माणसाकडे प्यायला आपलं असं काही उरलं नाही. ज्याच्या छातीत गिरणीचा कापूस बसला होता, त्याचा विमा गिरणीबरोबर संपला, पण कापूस संपला नाही. रोजगाराला बांधलेल्या आरोग्यसेवेत हे भोक पहिल्या दिवसापासून होतं आणि आजही आहे. काम सुटायच्या वेळीच माणूस आजारी पडायचा थांबतो अशी कायदा करणाऱ्यांची काहीतरी समजूत असावी. दोन वर्षांनी, १९८४ च्या काँग्रेसच्या लाटेतही, आमच्या भागाने सामंतांना अपक्ष म्हणून लोकसभेत पाठवलं. हरलेल्या संपाच्या नेत्याला निवडून देणारी ही माणसं वेडी नव्हती.

मग केईएम. सकाळी सहाला केसपेपरच्या रांगेत मी आबांबरोबर उभा राहत असे. त्यांना हे अवघड गेलं. इथे पगारातून कापलेलं नव्हतं, म्हणजे त्यांच्या हिशेबात हे दान. रांगेत ते मान खाली घालून उभे राहायचे. मी त्यांना केईएमची जन्मकथा सांगितली असती तर त्यांची मान वर आली असती का? १९२६ मध्ये हे हॉस्पिटल आणि कॉलेज उभं राहिलं तेव्हा शेठ गोवर्धनदास सुंदरदासांच्या विश्वस्तांनी देणगीला अट घातली होती की शिकवणारे सगळे हिंदीच, म्हणजे भारतीयच, असतील. इंग्रज डॉक्टरांच्या राज्यात ही अट म्हणजे घोषणा न देता काढलेला मोर्चाच. जीवराज मेहता इथले डीन होते; चळवळीत तुरुंगात गेले, पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. आणि नाव मात्र राजा एडवर्डचं! रांगेत आमच्या पुढे-मागे रत्नागिरी, बीड, गोरखपूर. बहुतेकांबरोबर दोन-तीन नातेवाईक, पिशव्या, डबे. त्यांतल्या काहींचा मुक्काम दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत. गाडगेबाबा आबांना पूर्ण मान्य होते. देवाला बकरं कापू नका, त्यापेक्षा आजाऱ्याला औषध द्या, असं सांगणारा माणूस त्यांच्या धर्मातलाच होता. मी म्हणायचो, आबा, तुमच्याच बाबांनी दान मागितलं की दारोदार. "सोतासाठी न्हाई मागितलं," हे उत्तर.

दान सक्तीने करवून घेता येतं का, हा वाद आबांच्या माघारी कोर्टात गेला. धर्मादाय म्हणून करसवलत घेणाऱ्या हॉस्पिटलांनी दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीने द्याव्यात अशी योजना मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये लागू केली. आबा म्हणाले असते, कायद्यानं करवलेला धर्म कसला? माझं उत्तर तयार आहे: धर्म नसेल, पण खाट आहे. मग २०२० मध्ये, करोनाच्या साथीत, लालबागच्या राजाच्या मंडळाने, १९३४ पासून पहिल्यांदाच, मूर्ती बसवली नाही आणि 'आरोग्योत्सव' केला, रक्तदान, प्लाझ्मादान. पालख्या एसटीने पंढरपूरला गेल्या. ही बंधनं घालताना सरकारने तो १८९७ चा कायदाही वापरला. आर्थर रोडवर या खेपेला जमाव चालून गेला नाही, पण रोग्याला नेताना घरच्यांना तोंड दिसलं नाही, हे तेव्हाही होतं आणि आताही झालं. आबा असते तर पालखी बसने जाण्यावर काय बोलले असते याचा मी पुष्कळ विचार केलाय आणि दरवेळी वेगळं उत्तर येतं.

एका गोष्टीवर मात्र त्यांचं सूत्र साफ तोकडं पडायचं आणि ती गोष्ट त्यांच्या घरातच होती. देह पांडुरंगाचा, पण आज्जीचा देह बहुधा पांडुरंगाने आबांकडे सांभाळायला दिला होता. बाळंतपण घरात, सुईणीच्या हातून, परक्या पुरुष डॉक्टरचा हात नको, अशी त्यांची रीत. त्या रीतीपायी दोन पोरं गेली. आज्जी स्वतः वाइंडिंग खात्यात कामाला होती, कांड्या भरून बोटांना घट्टे पडलेले. शेवटच्या खेपेला, धाकट्या आत्याच्या वेळी, कळा सुरू झाल्या तेव्हा आबा रात्रपाळीला होते. आज्जीने शेजारच्या काकूंना उठवलं, लुगडं आवळलं आणि करी रोडचा पूल चालत ओलांडून वाडिया गाठलं. कुणाला विचारलं नाही. आबा सकाळी घरी आले तर खोलीला कुलूप.

"लई तापलं आसतील," मी आज्जीला म्हटलं होतं, तिच्याच बोलीत.

"तापलं की. चार दिस बोललं न्हाईत. म्हनलं, नका बोलू. पोरगी जिती हाय."

त्या वर्षी आषाढी तोंडावर आली होती. वारीची रजा बिनपगारी, वर सावकाराचा हप्ता थकलेला. आबा यंदा राहू दे म्हणून गप्प बसून होते. आज्जीला विम्याच्या कचेरीतून बाळंतपणाचा भत्ता मिळाला होता, अंगठा उठवून मोजून घेतलेला. तिने त्यातल्या नोटा काढून त्यांच्यापुढे ठेवल्या.

"मग? आबा काय म्हणालं?"

"काय म्हनत्यात? नोटा कपाळाला लावल्या आन् गेलं पंढरीला."